अकरावीला राज्यशास्त्राचा पहिला आठवडा कसा घ्यावा?

खडूची_पूड | रविवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी अकरावी-बारावीला राज्यशास्त्र शिकवते. हे नववं वर्ष. दर वर्षी पहिल्या तासाला माझी तीच फजिती होते, म्हणून यंदा आधीच इथं विचारून ठेवते.

वर्गात साठेक पोरं. निम्मी पोलीस भरतीवाली, पहाटे मैदानावर पळून आलेली, त्यामुळे दुसऱ्या तासाला पेंगणारी. काही सायन्सला नंबर लागला नाही म्हणून आलेली. चार-पाच मुली मात्र खरंच आवडीनं. मी विचारते, "राज्यशास्त्र म्हणजे काय?" उत्तर ठरलेलं, "राजकारण." "राजकारण म्हणजे?" मागच्या बाकावरून आवाज येतो, "कोण कुणाला पाडणार ते." हशा. मग मी फळ्याकडे वळून राज्याचे चार घटक लिहिते, लोकसंख्या, भूप्रदेश, शासन, सार्वभौमत्व. पोरं वहीत उतरवतात आणि विषय तिथंच गार पडतो.

यंदा तीन प्रश्नांपासून सुरुवात करावी म्हणते. काय व्हायला पाहिजे? तसंच का व्हायला पाहिजे? आणि प्रत्यक्षात काय होतंय, कशावरून? म्हणजे मूल्य, विचार आणि पुरावा. पोरांची (आणि स्टाफरूममधल्या मोठ्यांचीही) खोड अशी की एका प्रश्नाला दुसऱ्याचं उत्तर देतात. "पंचायतीत बायकांना राखीव जागा असाव्यात का?" विचारलं की "आमच्या गावात बाईचा नवराच कारभार बघतो" असं येतं. ते खोटं नाही. पण मी विचारलं एक, त्यानं सांगितलं दुसरं.

गेल्या वर्षी टँकरचं उदाहरण घेऊन बघितलं. गावात एकच टँकर आला, पाणी कसं वाटाल? कुणी म्हणालं घरटी सारखं, कुणी माणशी. एक म्हणाला, ज्याच्या दावणीला जनावरं त्याला जास्त. एक मुलगी म्हणाली तांड्यावर आधी द्या, त्यांना विहीर नाही. वर्ग असा रंगला होता म्हणून सांगू! तेवढ्यात एक पोरगा उठला, "मॅडम, वाटप कसंही करा, टँकर कागदावरच येतोय." वर्ग हसला, बेल झाली, आणि माझ्याकडे काही उत्तर नव्हतं.

तुम्ही असतात तर पहिल्या आठवड्यात काय घेतलं असतंत? राज्यशास्त्र शिकलेल्यांनी सांगाच, न शिकलेल्यांनी जास्त सांगा. पक्षांची नावं नकोत, धाग्याला कुलूप लागेल.

तिरपा_डोळा | रविवार, रात्री ९:५५

पक्षांची नावं न घेता राज्यशास्त्र म्हणजे आळणी पिठलं. असो. अंगणात बाज टाकून बसलोय, चालू द्या.

लातूर_पॅटर्न | रविवार, रात्री १०:१०

अवांतर. आमच्या लातुरात पोरानं आर्ट्स घेतली म्हणलं की पाहुणे आवाज खाली करून विचारतात, "काय झालं हो?" जणू घरात कुणी आजारी आहे. मी स्वतः दोन वर्षं क्लासच्या गल्लीत काढली, पुढं इंजिनिअर झालो. ग्रामसेवक आणि तलाठी यांच्यात फरक काय हे मला वडील वारल्यावर कळलं, वारसाची नोंद लावायला गेलो तेव्हा. चार चकरा चुकीच्या ऑफिसात मारल्या. तेव्हा मॅडम, मूल्य-बिल्य नंतर. आधी कोणतं काम कुठं होतं ते शिकवा.

खडूची_पूड | रविवार, रात्री १०:२२

@लातूर_पॅटर्न, ते नागरिकशास्त्र. पण तुमचा मुद्दा टिपून ठेवला.

जुनं_दप्तर | सोमवार, सकाळी ६:५०

बाई, तुमचा उत्साह आवडला, पण त्या चार घटकांना एवढं हिणवू नका. एकतीस वर्षं मी तेच शिकवत निवृत्त झालो. व्याख्येत दोष नाही, ती पोटात काही नसताना पोरांसमोर ठेवली जाते हा दोष.

मी पहिल्या तासाला हैदराबाद संस्थान घ्यायचो. फळ्यावर प्रश्न एकच, १५ ऑगस्ट १९४७ ला तुमचे आजोबा कोणत्या देशात होते? वर्ग गप्प व्हायचा. मग एकेक घटक लावायचा. लोकसंख्या? दीड कोटीच्या वर. भूप्रदेश? आपले जिल्हे, तेलंगण, शिवाय बिदर-गुलबर्गा-रायचूर. शासन? निजामाचं. स्वतःचा हाली सिक्का, स्वतःची टपाल तिकिटं, स्वतःची रेल्वे, स्वतःचं सैन्य. मग चौथा घटक आला की खरी गंमत. सार्वभौम होतं का? निजामानं जून १९४७ मध्ये जाहीर केलं की आपण कुठंच सामील होणार नाही. नोव्हेंबरात भारताशी 'जैसे थे' करार केला. पुढच्या वर्षी प्रकरण थेट संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत नेलं. पोरं हिरीरीनं भांडायची, आणि भांडता भांडता सार्वभौमत्वाची व्याख्या आपोआप पाठ व्हायची.

दुसरं. मूल्य आणि पुरावा यांची जोडी आजकालची नाही. ॲरिस्टॉटलनं आदर्श राज्य कसं असावं यावर खल केलाच, पण त्याच्या शाळेनं १५८ नगरराज्यांच्या राज्यघटना गोळा केल्या असं सांगतात. आधी गोळा करा, मग बोला.

रोशनगेट | सोमवार, सकाळी ८:१५

जुनं_दप्तर सर, सलाम. याला माझी एक पुरवणी.

१७ सप्टेंबरला आम्ही शाळेत झेंडावंदनाला जायचो. मास्तर म्हणायचे 'मुक्तिसंग्राम'. पुस्तकात कंसात 'पोलीस कारवाई'. चुलते लष्करात होते, ते म्हणायचे, 'पोलीस कसले, फौज होती, नाव ऑपरेशन पोलो, १३ ते १७ सप्टेंबर.' आणि आमची दादी नुसतं 'पोलीस ॲक्शन' म्हणायची आणि गप्प बसायची. त्या गप्प बसण्याचा अर्थ मला फार उशिरा कळला, पंडित सुंदरलाल समितीबद्दल वाचलं तेव्हा. त्या कारवाईनंतर मुसलमानांवर झालेल्या हिंसाचाराची पाहणी करायला नेहरूंनी पाठवलेली समिती, आणि तिचा अहवाल कित्येक दशकं कपाटात.

स्वामी रामानंद तीर्थ, गोविंदभाई श्रॉफ यांचा लढा खरा. निजामाच्या बाजूच्या रझाकारांचा जुलूमही खरा, त्यांचा म्होरक्या कासिम रझवी तर लातूरचाच वकील. आणि दादीचं गप्प बसणंही खरं. माझं म्हणणं एवढंच मॅडम, की घटनेला नाव देतानाच निम्मं मूल्य त्यात शिरलेलं असतं. मुलांना घरी पाठवा, आजी-आजोबा त्या दिवसाला काय म्हणतात ते लिहून आणायला सांगा. साठ मुलांमागे पाच-सहा नावं तरी येतील. त्यावर एक अख्खा तास निघेल.

तिरपा_डोळा | सोमवार, सकाळी ८:४०

हा प्रतिसाद वाचून काहीतरी तिरकस लिहायला आलो होतो. नाही लिहीत.

बालाघाटी | सोमवार, दुपारी १:०५

मॅडम, मी बीडकडचा. एमपीएससी करायलो, चौथं वर्ष. राज्यशास्त्र पाठ हाय, कलमं झोपेत विचारा. पण शिकलो कधी ते सांगतो.

बारावीला असताना गावात ग्रामसभा लागली. मी हौसेनं गेलो. पारावर ग्रामसेवक, शिपाई, सरपंच आन आम्ही धरून अकरा जण. ग्रामसेवकानं घड्याळ बघितलं, म्हणला गणपूर्ती नाही, सभा तहकूब. आम्ही उठलो. आठ दिवसांनी परत सभा, तेव्हा नऊ जण. म्हणलं आता? तर म्हणला, तहकूब सभेला गणपूर्ती लागत नसती. आन धडाधडा सगळे ठराव मंजूर!

पुस्तकात बघितलं तर बरोबरच निघालं. मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, जे कमी असंल ते, आन तहकुबीला ती अट नाही. म्हणजे गडी कायद्यानंच चालला होता. मला त्या दिवशी कळलं की नियम पाळून बी लोकशाही गुंडाळता येती. असलं काय तरी दाखवा पोरांना. 'मूल्य-विचार-पुरावा' म्हणलं की पोरं परत पेंगतेत.

मी_स्वतः_सरपंच | सोमवार, संध्याकाळी ७:३०

धागाकर्तीच्या पोस्टमधला तो 'बाईचा नवरा कारभार बघतो' वाचून आले. आयडी बघा माझा. मुद्दाम घेतलाय.

हिंगोली जिल्ह्यातलं लहान गाव, महिला राखीव निघालं आणि घरच्यांनी मला उभं केलं. पहिलं वर्षभर खरंच मी सही करायची आणि हे बोलायचे. खोटं कशाला सांगू? मीटिंगला तालुक्याला गेले तर साहेब माझ्याकडे न बघता यांनाच विचारायचे, "बोला सरपंच." एकदा हे आजारी पडले म्हणून मी एकटी गेले. साहेबांनी विचारलं, सरपंच नाही आले? मी म्हणाले, समोर बसलेय की. तिथून सगळं बदललं असं काही नाही हां. पण त्या दिवसानंतर मी प्रोसिडिंग वाचल्याशिवाय सही केली नाही.

तेव्हा पोरांना सांगा, 'नवरा कारभार बघतो' हा पुरावा कोणत्या वर्षाचा आहे ते आधी विचारा. पहिल्या वर्षाचा की चौथ्या?

गोदाकाठचा_नंदू | सोमवार, रात्री १०:४५

मी_स्वतः_सरपंच ताई, दंडवत. तुमच्या म्हणण्याला अभ्यासाची जोड देतो (नांदेडचा आहे, सध्या पुण्यात आकड्यांच्याच कामात).

१९९२ ची ७३ वी घटनादुरुस्ती, त्यात किमान एक तृतीयांश जागा बायकांना. महाराष्ट्रानं २०११ मध्ये निम्म्या केल्या. आता फरक पडतो का हे कसं तपासणार? बाई निवडून येते ते गावच मुळात पुढारलेलं असेल तर तुलना फसते. पण आरक्षण गावोगाव फिरतं, कोणतं गाव यायचं ते गावाच्या हातात नसतं. म्हणजे न मागता प्रयोगच झाला. राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर दुफ्लो यांनी पश्चिम बंगाल आणि राजस्थानातल्या पंचायतींवर नेमका हाच धागा धरून अभ्यास केला, २००४ मध्ये छापून आला. दोन्हीकडे महिला प्रधान (म्हणजे सरपंच) असलेल्या पंचायतींनी पिण्याच्या पाण्यावर जास्त खर्च केला. रस्त्यांचं मात्र उलटसुलट निघालं, बंगालमध्ये जास्त, राजस्थानात कमी. का? तर तिथल्या बायकांच्या तक्रारीच तशा होत्या.

मॅडम, तुमच्या 'कशावरून?' या प्रश्नाला हे उत्तम उदाहरण आहे. मात्र यानं 'राखीव जागा असाव्यात का' हा प्रश्न मिटत नाही. उद्या कुणी दाखवलं की बायकांनीही पुरुषांसारखाच कारभार केला, तर जागा काढून घ्यायच्या का? निम्म्या लोकसंख्येनं खुर्चीवर बसणं हेच मूल्य मानलं, तर पाण्याचा हिशेब गौण.

मी_स्वतः_सरपंच | सोमवार, रात्री ११:०२

बंगालचं माहीत नाही दादा, पण मी पहिलं काम हातपंप दुरुस्तीचंच लावलं. दुसरं स्मशानभूमीच्या रस्त्याचं. तो बायकांनी मागितला नव्हता, तिथं पावसाळ्यात माझाच पाय मोडला होता.

पाझर_तलाव | मंगळवार, पहाटे ५:२०

मी शिकलेला नाही फारसा. धाराशिवकडचा. वय ७१. नातवानं हा धागा वाचून दाखवला, लिहितोय बी तोच.

७२ च्या दुष्काळात मी रोजगार हमीच्या कामावर खडी फोडली. शाळा सुटली ती तिथंच. कामावर मुकादम सकाळी मस्टर घ्यायचा. नाव पुकारलं की 'हाजर' म्हणायचं. शाळेतल्या हजेरीसारखंच, फक्त इथं हजेरीला पैसे. दुपारी सुकडी वाटायचे. मिलोच्या तांबड्या भाकरी खाल्ल्या, तोंडात फिरायच्या पण खाल्ल्या. आमच्या गावचा पाझर तलाव त्या कामातला. अजून पाणी धरतो. ताई, त्या पोराला सांगा, सगळंच कागदावर नसतं. तलाव बघायला घेऊन या त्याला.

जुनं_दप्तर | मंगळवार, सकाळी ७:१०

काका, तुमच्या पाच ओळींत अख्खं सत्र आहे. बाई, मी माझा आधीचा सल्ला मागे घेतो. हैदराबाद दुसऱ्या आठवड्यात. पहिल्या आठवड्यात हे घ्या.

मूल्य काय? काम मागणाऱ्याला काम मिळालं पाहिजे. संविधानात ते कलम ४१ मध्ये आहे, पण मार्गदर्शक तत्त्वांत. म्हणजे कोर्टात दाद मागता येत नाही. विचार काय? विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी मांडलेला, की दुष्काळात भीक न देता काम द्या, आणि ते दान म्हणून न देता हक्क म्हणून द्या. त्यातून १९७७ चा रोजगार हमीचा कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून लागू. पैसा कुठून? शहरातल्या पगारदारांवर व्यवसाय कर बसवून. लातूर_पॅटर्न यांच्या पगारातून अजून कापला जात असेल, स्लिप बघावी. २००५ मध्ये केंद्रानं जो कायदा केला, त्याच्या आधी आपल्याकडे हा धडा गिरवून झाला होता.

आणि पुरावा? अमर्त्य सेन यांचं म्हणणं सगळ्यांना ऐकून माहीत असतं, की वृत्तपत्रं मोकळी आणि निवडणुका होत असलेल्या देशात मोठा भूकबळीचा दुष्काळ पडत नाही. त्यांच्या मांडणीत महाराष्ट्राचं १९७२-७३ चं उदाहरण येतं. पीक बुडालं, पण रोजगाराच्या कामांनी माणसं तगली.

तिरपा_डोळा | मंगळवार, सकाळी ९:३०

सर, व्यवसाय कर तुमच्या पेन्शनमधून कापत नाहीत, म्हणून एवढ्या प्रेमानं बोलताय का? हलकं घ्या.

लातूर_पॅटर्न | मंगळवार, सकाळी ९:४५

स्लिप बघितली. २०० रुपये. फेब्रुवारीत ३००. बावीस वर्षं कापले जातात आणि हे आज कळलं. आर्ट्स घ्यायला पाहिजे होती.

बालाघाटी | मंगळवार, दुपारी २:००

ते सेनसाहेबांचं खरं असंल, पण एक सांगा. दुष्काळात माणूस मरत नाही हे ठीक. शेतकरी मात्र कर्जापायी जीव देतो, ते ह्यात मोजतेत का? आमच्या जिल्ह्यातून दर साली ऊसतोडीला टोळ्या जातेत, लेकरांची शाळा सुटती. ते बी दुष्काळात धरायचं का नाही? मोजायचं काय हे ठरवणारच कोण तरी असतो ना?

खडूची_पूड | मंगळवार, रात्री ९:१५

@बालाघाटी, तुम्ही म्हणालात पोरं पेंगतील, आणि प्रश्न मात्र तुम्हीच सगळ्यात अवघड विचारलात. काय मोजायचं हे ठरवताना मूल्य मागच्या दारानं पुराव्यात शिरतं. हे मी बारावीला शिकवते आणि तिथंही नीट शिकवत नाही.

द्राक्षबाग | मंगळवार, रात्री १०:३०

टँकर, दुष्काळ, पाणी सगळं चाललंय, मग जायकवाडी धरण राहिलंच की! नाशिक जिल्ह्यातला आहे. दर दोन-चार वर्षांनी आमच्या धरणातलं पाणी खाली सोडतात आणि आमच्या बागा बघत राहतो. धरणात जमिनी गेल्या आमच्या. हा न्याय का?

गोदाकाठचा_नंदू | मंगळवार, रात्री १०:५०

या, तुमचीच वाट बघत होतो :)

२००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या कायद्यात समन्यायी वाटपाचं तत्त्व आहे. ते आकड्यात कसं उतरवायचं यासाठी मेंढेगिरी समिती बसली. तिनं सुचवलं की १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्क्यांपेक्षा कमी साठा असेल, तर वरून सोडायचं. २०१६ मध्ये उच्च न्यायालयानंही समन्यायी वाटप उचलून धरलं. आता वाटेत किती पाणी मुरतं, किती उचललं जातं, हे पुराव्याचे वाद. पण 'जमीन ज्याची गेली त्याचं पाणी' की 'खोरं एक, पाणी सगळ्यांचं' हा वाद मूल्याचा. तो टीएमसी मोजून सुटणार नाही.

जुनं_दप्तर | बुधवार, सकाळी ७:००

जॉन रॉल्स नावाच्या अमेरिकन तत्त्वज्ञानं १९७१ मध्ये यावर एक युक्ती मांडली. नियम ठरवणाऱ्यांच्या डोळ्यांवर अज्ञानाचा पडदा बांधा. आपण श्रीमंत की गरीब, कोणत्या घरात जन्मणार, हे कुणालाच माहीत नाही असं धरा आणि मग वाटणी ठरवा. द्राक्षबाग, समजा तुम्हाला माहीत नाही की तुम्ही निफाडात जन्मणार की पैठणच्या खालच्या अंगाला. आता पाण्याचा नियम करा.

द्राक्षबाग | बुधवार, सकाळी ७:४५

निफाडातच जन्मलोय हे मला पक्कं माहीत आहे हो सर, तीच तर अडचण आहे.

तिरपा_डोळा | बुधवार, सकाळी ७:५०

आठवड्याचा सर्वोत्तम प्रतिसाद.

(पण वर्गात हा खेळ करा मॅडम. चिठ्ठ्या टाका. आधी नियम करायचा, मग चिठ्ठी उघडायची. चिठ्ठीत कुणी बागायतदार, कुणी तांड्यावरचा, कुणी टँकरचा ड्रायव्हर. तिरका असलो तरी आयडिया सरळ आहे.)

पहिल्यांदाच_लिहितोय | बुधवार, रात्री ८:२०

मी जालना जिल्ह्यातला, बीए तिसरं वर्ष. आमच्या गावात सगळ्यांना एकच विषय आहे, तो इथं कुणी काढेना म्हणून काढतो. निजामाच्या काळच्या नोंदी. मराठा आरक्षणाच्या २०२३ च्या आंदोलनानंतर न्या. संदीप शिंदे समिती आली, तहसीलला जुनी दप्तरं उघडली, मोडीत आणि उर्दूत लिहिलेली. माझ्या मित्राच्या पणजोबांपुढं 'कुणबी' सापडलं, माझ्या नाही. दोघांची शेतं बांधाला बांध लागून. सरांना वर्गात विचारलं तर म्हणाले, हा विषय नको. मग राज्यशास्त्रात कोणता विषय हवा?

संपादक | बुधवार, रात्री ८:४०

धाग्याचा विषय शिकवण्याचा आहे. आरक्षण द्यावं की देऊ नये यावरचे प्रतिसाद उडवले जातील. हा प्रश्न वर्गात कसा हाताळावा, यावर जरूर लिहा.

तिरपा_डोळा | बुधवार, रात्री ८:४१

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

जुनं_दप्तर | बुधवार, रात्री ९:३०

'हा विषय नको' मीही म्हणालोय. १९७८ मध्ये मी विद्यार्थी होतो. २७ जुलैला मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा, म्हणजे नामांतराचा ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाडा पेटला. दलित वस्त्या जाळल्या गेल्या. नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ ला, तोवर मी शिकवू लागलो होतो, आणि त्या सगळ्या वर्षांत एकदाही तो विषय मी वर्गात घेतला नाही. वर्गात दोन्हीकडची मुलं असायची. मी त्याला तटस्थपणा म्हणायचो. खरं सांगायचं तर घाबरत होतो.

तुमच्या प्रश्नाचं आज असं उत्तर देईन. नोंद हा पुरावा आहे, पण कशाचा? अमुक साली अमुक कारकुनानं अमुक शब्द लिहिला, एवढ्याचा. त्यानं तो का लिहिला, जनगणनेसाठी की महसुलासाठी, घरच्याला विचारून की धंदा बघून, हा पुढचा शोध. आणि नोंदीपासून हक्कापर्यंत जायला मध्ये पूल लागतो. संविधानाच्या कलम १५(४) मध्ये 'सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास' असे शब्द आहेत. मागास म्हणजे काय, ते घराण्याचं बघायचं की समूहाचं, हा विचाराचा भाग. बांधाला बांध लागून शेत असताना एकाला मिळावं आणि दुसऱ्याला नाही, हे न्याय्य का, हा मूल्याचा. आणि ज्यांचा वाटा आधीपासून आहे त्यांना वाटणारी भीती, तीही याच वर्गात बसलेली असते. तिला बोलू द्यायचं. वर्गात मत मांडायला बंदी नसावी. मात्र आपण आत्ता तिन्हीपैकी कुठल्या पायरीवर बोलतोय ते आधी सांगायचं.

पहिल्यांदाच_लिहितोय | बुधवार, रात्री १०:०५

सर, हे वाचून वडिलांना दाखवलं. ते म्हणाले, "हे सर आपल्या बाजूचे की त्यांच्या?"

रोशनगेट | बुधवार, रात्री १०:१५

:) दोन्हीकडून शिव्या आल्या की समजायचं, तास बरा झाला.

गोदाकाठचा_नंदू | गुरुवार, सकाळी ११:००

एक कामाची गोष्ट राहिली. मॅडम, निवडणूक आयोगाच्या राज्याच्या संकेतस्थळावर 'फॉर्म २०' मिळतो, प्रत्येक बूथवर कुणाला किती मतं. मुलांना स्वतःच्या शाळेतल्या बूथचं पान काढून द्या. 'आमच्या गावात सगळ्यांनी अमक्यालाच दिलं' अशी पैज आधी लावायला सांगा, मग पान उघडा. उमेदवारांची नावं झाकून पण करता येतं, आळणी पिठलं आवडणाऱ्यांसाठी.

खडूची_पूड | पुढचा शनिवार, रात्री ९:००

उशीर झाला, माफ करा. पहिला आठवडा झाला, त्याची हकीकत.

सोमवारी चिठ्ठ्यांचा खेळ केला (धन्यवाद, तिरपा_डोळा). पाण्याचा नियम साठ जणांनी मिळून केला, 'माणशी सारखं'. चिठ्ठ्या उघडल्यावर ज्याच्या चिठ्ठीत 'आठ म्हशी' निघाल्या तो लगेच नियम बदला म्हणू लागला. त्याला रॉल्सचं नावही न घेता रॉल्स कळला.

मंगळवारी तोच जुना आवाज, यंदा वेगळ्या पोराचा, "टँकर कागदावर येतोय." या वेळी म्हणाले, कशावरून? मोजून या. पावसानं ओढ दिल्यामुळे आमच्या दोन गावांत अजून टँकर चालू आहे. त्यातल्या एका गावच्या दोन मुली आणि दोन मुलं तयार झाली. टँकर बारा हजार लिटरचा, ड्रम दोनशेचा, म्हणजे साठ ड्रम भरायला हवेत. बुधवारी पोरं तणतणत आली. ड्रम भरले ४७. "चोरी आहे मॅडम!" वर्ग तापला. दोघंजण तर तहसीलला निवेदन द्यायला निघाले होते.

मग पाठीमागून एक मुलगी हळूच म्हणाली, "घागरी धरल्या का?" धरल्या नव्हत्या. गुरुवारी परत मोजणी. वहीवर घागरींच्या रेघा मारल्या, पाच झाल्या की आडवी रेघ. घागर आधी लिटरच्या बाटलीनं भरून बघितली, चौदा लिटरची निघाली. ड्रम तेवढेच, घागरी ९०. बेरीज १०,६६०. म्हणजे तेराशे-चौदाशे लिटरचा मेळ लागेना. पाइप ओढताना सांडतं, हे सगळ्यांनी बघितलेलं. किती सांडतं ते कुणी मोजलेलं नाही.

शुक्रवारी खेपांची नोंदवही बघायला मिळाली. त्यात रोज दोन खेपा. पोरांनी बघितली एकच. आता पोरं म्हणाली, बघा, दुसरी कागदावरची! हिशेब घातला. गावात अकराशे माणसं, टंचाईत माणशी रोज २० लिटरचा निकष, म्हणजे बावीस हजार लिटर, म्हणजे दोन खेपा लागणारच. वहीचा हिशेब चोख. आणि आमची पोरं तर दहाच्या एसटीनं कॉलेजला येतात! दुपारी कोण होतं बघायला? मुलीनं संध्याकाळी आजीला विचारलं. आजी म्हणाली, "येती की दुसरी. पर ती वरच्या आळीला."

वर्ग असा शांत झाला की बाहेर मैदानावरची शिट्टी ऐकू येत होती. मग वाद पेटला, तो आता चोरीचा नव्हता. वरच्या आळीत घरं किती, माणसं किती, आणि 'माणशी सारखं' असं आपणच सोमवारी ठरवलं होतं, त्याचं काय.

तिरपा_डोळा | शनिवार, रात्री ९:२०

आणि निवेदनवाले दोघं?

खडूची_पूड | शनिवार, रात्री ९:२४

निवेदन खिशातच आहे. म्हणाले, मजकूर बदलून देतो.

पाझर_तलाव | रविवार, पहाटे ५:१०

वरच्या आळीला कोण मोजतंय ताई?

खडूची_पूड | रविवार, सकाळी ८:०५

काका, वरच्या आळीतला एक पोरगा आहे वर्गात, भरतीवाला, रोज पेंगणारा. पहाटे मैदानावर असतो, दुपारी मी मोजतो म्हणाला. घागर चौदाची धरू का पंधराची, विचारत होता. म्हणाले, तुझ्या घरची मोजून बघ.

जुनं_दप्तर सर, चार घटक बुधवारी घेते.